राना, होप्लोबॅट्रॅकस की नुसता बेडूक? गावच्या नोंदवहीत काय लिहायचं

प्रश्न चिपळूण तालुक्यातून, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या एका गावातून आला आहे. विचारणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीतलं 'उभयचर' हे पान ग्रामपंचायतीने त्यांच्यावर सोपवलं आहे. दोन पावसाळे मुलांना बरोबर घेऊन त्यांनी फोटो जमवले आणि आता त्या नावांपाशी अडल्या आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "एकाच मोठ्या बेडकाला जुन्या पुस्तकात राना टायगरिना म्हटलंय, नव्यात होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस. खाचरातल्या लहान बेडकाची तर चार नावं सापडली. खरं कोणतं धरू? महाराष्ट्रात उभयचरांच्या एकूण जाती किती? आणि परसात आळं खणताना गांडुळासारखा, पण चक्क तोंड उघडणारा एक प्राणी निघाला, तो याच पानावर लिहायचा का?"

बाई, तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला, त्याकडे येतोच. पण आधी तुमची खरी अडचण काय आहे ते नीट मांडू. नोंदवही गावात पुढची तीस-चाळीस वर्षं राहणार आहे. आज लिहिलेलं शास्त्रीय नाव तोवर टिकेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. म्हणजे 'बरोबर नाव कोणतं' या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे: नाव बदललं तरी नोंद कामाची राहावी, यासाठी ती कशी लिहायची? मी जवळजवळ पंचवीस पावसाळे सह्याद्रीत बेडकांच्या मागे फिरतोय, आणि या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच वाया गेलेल्या वह्यांनी शिकवलं.

सुरुवात एका शब्दापासून करतो, कारण मराठीत इथेच घोळ होतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत उतरंड असते ती सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी. यात जाती सगळ्यात खाली आणि प्रजाती तिच्या वरची पायरी. वर्तमानपत्रं मात्र 'बेडकाची नवी प्रजाती सापडली' असं लिहितात, तेव्हा त्यांना जाती म्हणायचं असतं. मी इथे पाठ्यपुस्तकाची रीत पाळतो. होप्लोबॅट्रॅकस ही प्रजाती, टायगरिनस ही तिच्यातली एक जाती. नोंदवहीच्या पहिल्या पानावर तुम्हीही हे एका ओळीत लिहून ठेवा. नाहीतर उद्या कोणी तुमची यादी मोजताना प्रजातींचा आकडा जातींचा म्हणून धरेल.

आता त्या परसातल्या प्राण्याकडे वळू. जगात आज उभयचरांच्या ८,७००हून अधिक जाती माहीत आहेत आणि त्या सगळ्या तीनच गणांत बसतात. पहिला गण बेडूक आणि भेक यांचा. दर दहा उभयचरांमागे जवळजवळ नऊ याच गणातले. दुसरा शेपटीवाल्यांचा, म्हणजे सॅलमँडर आणि न्यूट. यांच्या जाती आठशेच्या वर आहेत. तिसरा बिनपायांचा. शास्त्रज्ञ त्यांना सिसिलियन म्हणतात, आपल्याकडे देवगांडूळ हे नाव रुळलं आहे. यांच्या जाती फक्त सव्वादोनशेच्या आसपास. जमिनीखाली राहणारा, वर्षातून एखाद्या वेळी कुदळीला लागणारा हा प्राणी बहुतेक माणसांनी आयुष्यात कधी पाहिलेला नसतो.

तुमच्या फोटोतला प्राणी देवगांडूळच आहे. मी कशावरून म्हणतो ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी मुलांना ओळखता येईल. गांडुळाला जबडा नसतो, डोळे नसतात, आणि मोठ्या गांडुळाच्या अंगावर पुढच्या बाजूला एक फुगीर पट्टा असतो. तुमच्या प्राण्याला जबडा आहे, त्यात बारीक दात असणार, आणि कातडीखाली डोळ्याचा अस्पष्ट ठिपका दिसतोय. मग तो वाळा असेल का? वाळा साप आहे, त्याच्या अंगावर गुळगुळीत, चकचकीत, कोरडे खवले असतात आणि तो जीभ लपलप बाहेर काढतो. खापरखवल्याही सापच, त्याची शेपटी तिरकी छाटल्यासारखी खरखरीत असते. देवगांडुळाचं अंग ओलं, बुळबुळीत आणि वळ्यावळ्यांचं. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक बारीकशी संस्पर्शिका असते. जमिनीखालचे वास आणि स्पर्श तो तिने ओळखतो, आणि दुसऱ्या कुठल्याही पाठीच्या कण्याच्या प्राण्याला ती नसते. फोटो मोठा करून पाहा, तुमच्या दुसऱ्या चित्रात ती जागा दिसते आहे.

हा प्राणी साप समजून ठेचला जातो, म्हणून गावात एवढं नक्की सांगा: त्याच्यापासून माणसाला काही धोका नाही. गांडुळं, वाळवी, मातीतले किडे खाऊन तो जगतो. आणि तुमच्या जिल्ह्याला त्याच्याबद्दल अभिमान वाटावा असं एक कारण आहे. २००३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोरले गावच्या नमुन्यावरून गेजेनिओफिस शेषाचारी ही जाती वर्णन झाली. पुढे २००८ मध्ये असं प्रसिद्ध झालं की या जातीची मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. अख्ख्या आशियातल्या उभयचरांमध्ये असं पहिल्यांदाच नोंदलं गेलं, आणि तेही कोकणातल्या मातीखाली! तुमच्या गावाच्या वर, घाट चढून गेलं की कोयनेच्या बाजूला हुंबर्ली लागतं. तिथल्या नमुन्यांवरून २००४ मध्ये इंडोटिफ्लस महाराष्ट्रएन्सिस ही जाती नोंदली गेली. खंडाळ्याचा इंडोटिफ्लस १९६० सालचा, आंबोलीचा गेजेनिओफिस डॅनिएली २००३ चा. म्हणजे एकेका घाटाच्या आसपास वेगवेगळे देवगांडूळ निघत आलेत. म्हणूनच तुमचा प्राणी 'अमुकच जाती' असं फोटोवरून मी सांगणार नाही. तुमच्या परिसरात निदान तीन प्रजातींची शक्यता आहे, आणि त्या वेगळ्या करायला जे लागतं ते फोटोत आलेलं नाही.

शेपटीवाल्यांचं पान तुम्ही कोरं ठेवा. उत्तर अमेरिकेत सॅलमँडर रग्गड आहेत, तिथल्या ॲपलेशियन डोंगरांत तर फुप्फुसंच नसलेले, कातडीतून श्वास घेणारे सॅलमँडर पानापाचोळ्यात सापडतात. चीनमध्ये दीड-पावणेदोन मीटरपर्यंत वाढणारे आहेत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या आफ्रिकेत मात्र एकही नाही, ऑस्ट्रेलियातही मूळचा एकही नाही. भारतात ते फक्त पूर्व हिमालय आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आहेत. दार्जिलिंगजवळ जोरपोखरीला त्यांच्यासाठी राखलेलं अभयारण्यच आहे. सह्याद्रीत नाहीत. दरवर्षी मला सापसुरळीचे पाच-सहा फोटो 'सॅलमँडर सापडला' म्हणून येतात. सापसुरळीला खवले असतात, नखं असतात, ती सरपटणाऱ्या प्राण्यांत जाते. उभयचराच्या बोटांना नखं नसतात आणि अंगावर कोरडे खवले नसतात. मुलांना एवढे दोन मुद्दे शिकवले की निम्म्या चुका टळतात.

आता नावं का बदलतात ते पाहू. लोकांना वाटतं शास्त्रज्ञांचं आपसात जमत नाही म्हणून. माझ्या अनुभवात नावबदलाची तीन निरनिराळी कारणं असतात. तुमच्या समोरचं नाव त्यातल्या कोणत्या कारणानं बदललं हे कळलं की गोंधळ बराच कमी होतो.

पहिलं कारण घर बदलण्याचं. प्राणी तोच, जाती तीच, फक्त प्रजाती दुसरी. जुन्या काळी जगभरातले गुळगुळीत कातडीचे, लांब पायांचे बेडूक 'राना' या एकाच प्रजातीत टाकत आणि चामखिळीवाले भेक 'बुफो'मध्ये. दिसायला सारखे म्हणून एका पोत्यात भरलेले. पुढे हाडं, अळ्या आणि शेवटी डीएनए तपासला, तेव्हा कळलं की त्या पोत्यातले कित्येक एकमेकांचे दूरचेही नातलग नाहीत. पाण्याकाठी राहायचं तर अंग आणि पाय साधारण तसेच घडतात, त्यामुळे सारखेपणा आला होता. म्हणून राना टायगरिनाचा होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस झाला आणि बुफो मेलॅनोस्टिक्टसचा दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. ही दुसरी प्रजाती २००६ साली झालेल्या मोठ्या फेरमांडणीत आली. ओडिशाचे बेडूकतज्ज्ञ सुशीलकुमार दत्ता यांच्यावरून तिचं नाव ठेवलं आहे. टायगरिनाचं टायगरिनस का झालं, असंही तुम्ही विचारलंय. राना लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, होप्लोबॅट्रॅकस पुल्लिंगी. आपण काळी गाय आणि काळा बैल म्हणतो तसं विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं. अशा बदलात तुमची जुनी नोंद चुकत नाही. दोन्ही नावं लिहा, विषय संपला.

दुसरं कारण वाटणीचं. एक समजलेली जाती प्रत्यक्षात दोन किंवा दहा निघतात. पाठीवर तांबूस-सोनेरी झूल पांघरल्यासारखा, बाजूने काळा दिसणारा तो देखणा बेडूक तुमच्या फोटोत आहे. तो वर्षानुवर्षं 'मलबारचा' म्हणून नोंदला जात होता. २०१५ मध्ये पुण्याच्या अभ्यासकांनी दाखवलं की त्यात दोन जाती मिसळल्या आहेत, आणि द्वीपकल्पात दूरवर पसरलेलीला हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा हे सुरेख नाव दिलं. दोनच वर्षांनी याच बेडकाच्या कातडीच्या स्रावातून फ्लूच्या काही विषाणूंना मारणारा एक रेणू वेगळा केल्याचं प्रसिद्ध झालं. केरळच्या लवचिक उरुमी तलवारीवरून त्याला उरुमिन म्हणतात. दोन्ही जाती एकच समजत राहिलो असतो, तर तो रेणू नक्की कोणाचा हेच सांगता आलं नसतं. वाटणी झाली की जुनी नोंद आपोआप नव्या नावात बदलता येत नाही. कोणता बेडूक, कुठला, हे पुन्हा तपासावं लागतं.

तिसरं कारण सगळ्यात अवघड. मूळ नाव आपल्याकडच्या प्राण्याचं नव्हतंच. तुमच्या खाचरातला लहान बेडूक याचंच उदाहरण आहे. प्रत्येक शास्त्रीय नाव एका ठरावीक नमुन्याला आणि तो जिथे मिळाला त्या जागेला बांधलेलं असतं. राना लिम्नोकॅरिस हे नाव १८२९ साली जावा बेटावरच्या बेडकाला दिलं गेलं. भाताच्या शेतात तसाच लहान, करडा, पाठीवर कधी मधोमध रेघ असलेला बेडूक भारतापासून जपानपर्यंत दिसतो, म्हणून सगळीकडे तेच नाव चालू राहिलं. मग राना सुटून फेजेरवार्या आलं. २०१८ मध्ये दक्षिण आशियातले हे बेडूक आग्नेय आशियातल्यांपासून वेगळे काढून मिनर्वार्या प्रजातीत गेले. तुमची चार नावं अशी जमली. आणि मिनर्वार्यातही आपल्याकडे एकच जाती नाही. सह्याद्रीवरून नाव पडलेली सह्याद्रेन्सिस १९१९ ची, गोमंतकी २०१५ ची, आंबोलीची सेप्फी २०१७ ची, आणि २०१९ मध्ये तर उत्तर सह्याद्रीतल्या एका जातीचं नावच मिनर्वार्या मराठी असं ठेवलं गेलं.

इथे माझ्या वह्यांची गोष्ट सांगायला हवी. कामाला लागलो तेव्हाच्या पहिल्या सहा-सात पावसाळ्यांत मी खाचरातल्या प्रत्येक लहान बेडकापुढे 'लिम्नोकॅरिस' एवढंच लिहीत गेलो. ठिकाण, तारीख आणि नाव, बस्स. शेकडो नोंदी झाल्या. नंतर या गटाची वाटणी सुरू झाली आणि त्या वह्या उघडल्या, तर त्यातला एकही बेडूक कोणता होता हे सांगता येईना. मी जे पाहिलं होतं ते न लिहिता जे मानलं होतं तेवढंच लिहिलं होतं. वाचल्या फक्त तेरा नोंदी. त्या रात्री एका मित्राचा कॅसेट रेकॉर्डर बरोबर होता आणि आम्ही आवाज टिपले होते. आवाजावरून पुढे त्यांची जाती ठरवता आली. बाकीचं सगळं 'मिनर्वार्या, जाती अनिश्चित' या एका ओळीत गेलं. चिखलात काढलेल्या कितीतरी रात्रींचं हे झालं, त्याची रुखरुख अजून आहे. तुमच्या मुलांच्या दोन पावसाळ्यांचं तसं होऊ नये, म्हणून इतक्या लांबणीने लिहितोय.

आवाजाला इतकं महत्त्व का, हेही सांगतो. पावसाच्या अंधारात मादी नराला बघून निवडत नाही, ऐकून निवडते. चुकीच्या जातीच्या नराकडे गेली तर तिचा सगळा हंगाम फुकट. त्यामुळे दिसायला जुळे वाटणारे बेडूकही आवाजात स्पष्ट वेगळे असतात. झुडपांत बसून टुक-टुक करणाऱ्या रावऑर्केस्टेस प्रजातीच्या इवल्या बेडकांत तर मी फोटोवर विश्वासच ठेवत नाही, कारण एकाच जातीत पाच रंगांचे नर मिळतात. बंगळूरचे सी. आर. नारायणराव यांच्या नावाची ही प्रजाती. हिचं आणखी एक वैशिष्ट्य मुलांना आवडेल: यांची पिल्लं पाण्यात पोहत वाढत नाहीत. अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक बाहेर येतो. 'बेडकाचं जीवनचक्र' या धड्यातलं चित्र तुमच्या शाळेमागच्या करवंदीच्या जाळीत लागू पडत नाही.

मग या सगळ्या उतरंडीचा उपयोग काय, असं वाटेल. वर्गीकरण नातं सांगतं, आणि नात्यातून प्रदेशाचा इतिहास कळतो. २००३ मध्ये केरळच्या इडुक्की जिल्ह्यातून जांभळा, टोकदार नाकाचा, वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली राहणारा नासिकाबॅट्रॅकस जगासमोर आला. त्याचे सगळ्यात जवळचे नातलग भारतात नाहीत, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत. बेडूक सहसा खाऱ्या पाण्यात टिकत नाही, तो समुद्र ओलांडून गेला असेल असं मानणं कठीण. भारत, सेशेल्स आणि मादागास्कर हे भूभाग कधीकाळी एकत्र होते, त्या काळापासून चालत आलेलं हे नातं आहे. मादागास्करला बेडकांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या फक्त तिथल्याच. देवगांडूळ मात्र तिथे एकही नाही. ब्राझीलमध्ये उभयचर हजाराच्या वर आहेत. भारतात साडेचारशेच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त पश्चिम घाटात. घाटाच्या दक्षिणेकडच्या भागात पाऊस जास्त महिने पडतो, म्हणून जातीही तिकडे जास्त. आपल्या उत्तर टोकाला सात-आठ महिने कोरडे. तरीही इथले सडे (कातळाची सपाट पठारं) आणि कडे यांच्यामुळे काही प्राणी असे घडलेत की ते दुसरीकडे नाहीतच.

सड्यांवर थोडं थांबतो. तुमच्या गावाला सडा असेल तर या वर्षी पहिल्या सरींच्या दिवसांत तिथे जा. महसुली कागदांत बऱ्याचदा 'पडीक' म्हणून नोंदलेल्या या कातळावर पावसाने जी टीचभर खोल डबकी भरतात, तीच काही बेडकांची एकमेव पाळणाघरं आहेत. आंबोलीचा झँथोफ्रिनी टायगरिना हा भेक २००९ साली वर्णन झाला आणि आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. त्याचं 'टायगरिना' आणि तुमच्या मोठ्या बेडकाचं 'टायगरिनस' यांत गल्लत करू नका, दोघांचा संबंध नाही. त्याचा सख्खा भाऊ झँथोफ्रिनी कोयनाएन्सिस १९६३ पासून माहीत आहे, आणि तो तुमच्या डोक्यावरच्या कोयनेच्या डोंगरांतला आहे. घाटाच्या वरच्या अंगाला तुम्हाला एखादा लहान भेक बाजूंवर पिवळेजर्द ठिपके असलेला दिसला, तर त्याला घराच्या पडवीतल्या भेकासोबत एका ओळीत लिहू नका. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत दुसऱ्या कुठल्याच वर्गाची पाहणी इतकी वाईट निघालेली नाही. वेगळी म्हणून नोंदलीच नाही ती जाती अशा हिशेबात येत नाही, आणि सड्यावर खाण मागितली जाते तेव्हा तिच्या बाजूने दाखवायला कागद नसतो. गावच्या नोंदवहीला मी इतकं महत्त्व देतो ते यासाठी.

आतापर्यंतचं दोन वाक्यांत: घर बदललं असेल तर जुनं-नवं दोन्ही नाव लिहून पुढे जा. वाटणी झाली असेल किंवा नाव मुळात परक्याचं असेल, तर पुरावा जिथे थांबतो त्या पायरीवर तुम्हीही थांबा.

तुमच्या फोटोंपैकी कशाचं काय करता येईल ते सांगतो. मोठा बेडूक निःशंक होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस आहे. पाठीवरच्या लांब घड्या दिसतात, आणि मृगाच्या पावसातला तो पिवळाधमक नर, गळ्याशी निळे फुगे असलेला, दुसरा कोणी असूच शकत नाही. पडवीतला भेक डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथी आणि डोक्यावरच्या काळ्या कडांवरून दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. न्हाणीघराच्या भिंतीवरचा, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला, आणि टाकीवर फेसाचं घरटं करणारा पॉलिपेडेटस. विहिरीत डोळे वर काढून तरंगणारा आणि दगड टाकला की पाण्यावरून टणाटण उड्या मारत जाणारा युफ्लिक्टिस, पण त्यात जाती लिहू नका. पऱ्ह्याच्या, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या, ओल्या कातळाला चिकटलेली जी पिल्लं तुम्हाला 'पाण्याबाहेर मरायला टेकलेली' वाटली, ती ठणठणीत आहेत. ती इंडिराना प्रजातीची, कातळावरून नुसतं पाणी झिरपत असलं तरी त्यांना पुरतं. या प्रजातीचं कुल जगात फक्त आपल्या भारतात आहे. त्याच पऱ्ह्यातला, डोळ्याची बाहुली चौकटच्या पत्त्यासारखी असलेला बेडूक निक्टिबॅट्रॅकसपैकी. तो कोणता हे आवाजाशिवाय सांगणार नाही. २०११ मध्ये या एकाच प्रजातीत एका झटक्यात बारा नव्या जाती वर्णन झाल्या होत्या, त्यावरून अंदाज करा.

लिहिताना एक रकाना निरीक्षणाचा आणि दुसरा नावाचा ठेवा, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नका. निरीक्षणात तारीख, वेळ, वाडी, जागा: खाचराचा बांध, गडग्याची भेग, पऱ्ह्या, सडा, जे असेल ते. पाऊस होता का, नर ओरडत होता का, किती लांबीचा, आणि जुनी माणसं त्याला काय म्हणतात. हे शेवटचं विसरू नका, ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी लिहिणार नाही. फोटो वरून, बाजूने, आणि जमलं तर पोटाकडून आणि मागच्या पावलाच्या पडद्याचा. मोबाइलवर एक मिनिटभर आवाज, आणि रेकॉर्डिंगच्या शेवटी स्वतःच्या तोंडाने जागा व तारीख. मग नावाच्या रकान्यात खात्री असेल तिथपर्यंतची पायरी, आणि ते नाव कोणी, कधी, कशावरून ठरवलं. उदाहरणार्थ: 'मिनर्वार्या, जाती अनिश्चित, आवाज आहे.' असं लिहायला संकोच वाटू देऊ नका. अभ्यासकाच्या दृष्टीने ही नोंद चुकीच्या जातीपेक्षा कितीतरी वरची आहे.

बेडूक पकडून बाटलीत घालू नका. नमुना जमवायला वनखात्याची परवानगी लागते, आणि शाळेच्या कामाला नमुन्याची गरजही नाही. हात लावायचाच झाला तर ओल्या हाताने, आणि हाताला डासांचं मलम किंवा सॅनिटायझर लागलेलं नसावं. त्यांची कातडी ते सगळं शोषून घेते. एका गावच्या पाण्यातले बूट दुसरीकडे नेण्याआधी घासून वाळवा. कातडीला होणाऱ्या एका बुरशीने दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या आहेत, ही सवय आपल्यालाही असलेली बरी.

राहिला महाराष्ट्राचा आकडा. आज मी पन्नास ते साठच्या दरम्यान सांगेन, आणि कोणी नेमका आकडा दिला तर तो कोणत्या वर्षाच्या यादीतला हे विचारा. १९८५ साली जगाची यादी जेमतेम चार हजारांची होती, ती चाळीस वर्षांत दुपटीच्या पुढे गेली. बेडूक वाढले नाहीत, आपण ऐकायला आणि तपासायला लागलो. तुमच्या नोंदवहीत एकूण आकडा न टाकता 'अमुक तारखेपर्यंत इतक्या जाती ओळखल्या, इतक्या प्रजातीपर्यंतच ओळखल्या' असं लिहा.

आणि ते देवगांडूळ. तुमच्या तिन्ही फोटोंत डोक्याकडची बाजू आली आहे, मागचं टोक मातीत आहे. इक्थिओफिसला मागे छोटीशी शेपटी असते, गेजेनिओफिस आणि इंडोटिफ्लसला ती नसते, म्हणजे एका फोटोने निम्मा प्रश्न सुटला असता. पुढच्या आगोटीला त्याच आळ्यापाशी, केळीखालची ओली माती हाताने, कुदळ न वापरता, हळू उकरून पाहा. मिळाला तर ओल्या पानावर ठेवून मागच्या टोकाचा खालून एक फोटो घ्या, बाजूला पट्टी ठेवा, आणि त्याला होता तिथेच मातीत सोडा. तो फोटो मला नक्की पाठवा.